अकरा घरांची शांतता

मी भित्री आहे, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे वाचताना वाटेल की बाई उगाच घाबरवते आहे. मला गुरांची भीती वाटते, उताराची वाटते, अनोळखी माणसांच्या घोळक्याची तर फारच वाटते. शाळेत सहलीच्या आदल्या दिवशी मला हमखास ताप यायचा. अशा बाईने नोकरी धरली ती आकाश मोजण्याची. खुर्चीत बसून ताऱ्यांची मापं काढायची, त्यात कुणी अंगावर यायची भीती नाही, असा माझा साधा विचार. त्या विचारात शहापूर आणि मुरबाड तालुके कुठेच बसत नव्हते.

माझं काम थोडक्यात असं. आकाशात काही ताऱ्यांच्या जोड्या असतात. त्यातला एक साधा तारा आणि दुसरा मरून घट्ट झालेला, कधी कधी तर थेट कृष्णविवर. हा मेलेला जोडीदार जिवंत ताऱ्याला ओरबाडून खातो. ओरबाडलेला वायू तापून त्यातून क्ष-किरण निघतात आणि अधूनमधून रेडिओ लहरींचे फवारे उडतात. त्या लहरी पकडून आम्ही जोडीची नेमकी जागा मोजतो. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडे गेली की पुन्हा मोजतो. बोट डोळ्यांसमोर धरून आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट सरकल्यासारखं दिसतं ना, तशी ती जोडीही जराशी सरकलेली दिसते. त्यावरून ती किती लांब आहे ते कळतं. वर्षानुवर्षं मोजलं तर कुठून निघाली आणि कुठे चालली आहे तेही कळतं. हे सरकणं किती, तर पुण्यात बसून दिल्लीच्या भिंतीवरची मोहरी जागेवरून मोहरीभर हलली का, हे सांगायचं.

इतकं बारीक दिसायला अँटेना एकमेकींपासून लांब लांब हव्यात आणि प्रत्येकीभोवती रेडिओची शांतता हवी. संस्थेला एक अँटेना सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी बसवायची होती. नकाशावर तीन दऱ्या निवडल्या होत्या. तिथे जायचं, खांबावर एक लहान अँटेना चढवायची आणि माणसांचा गोंगाट किती आहे ते मोजायचं. जी दरी सगळ्यात शांत, ती आमची. आणि एकदा ती आमची झाली की तिच्या आसपास मोबाइलचा टॉवर उभा करता येत नाही. आमची पहिली अटच ती असते. तेव्हा ती मला अगदी रास्त वाटायची.

"पाच दिवस जाऊन ये, हवापालट होईल," सर म्हणाले. संध्याकाळी मला ताप आला.

आटगाव, खर्डी

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. आटगाव स्टेशनाबाहेर मधुकर जीप घेऊन उभा होता. तो खर्डीचा, पस्तिशीचा, घरचं भात कापून संपवून भाड्याला निघालेला. माझ्या पेट्या, खांब आणि मोटारीच्या दोन बॅटऱ्या त्याने मागे रचल्या आणि मला न्याहाळून म्हणाला, "मॅडम, तुमी एवढ्या घामाघूम कशापायी? ऊन तर नाय." मी म्हटलं, प्रवासाने. तो हसला. पाच दिवस तो मला असाच ओळखत राहिला.

पहिली दरी खर्डीपासून तासाभरावर, भातसा धरणाच्या वरच्या अंगाला होती. दोन्ही बाजूंना जंगल, मधे कापणीला आलेलं पिवळंधमक भात. जागा फार देखणी होती. एका मोकळ्या बांधावर मी तिपाई रोवली. जागेचे अचूक अक्षांश घेणारं यंत्र तिच्यावर बसवलं आणि डोळा लावून वाकले. मान वर केली तेव्हा समोर सात-आठ बाया आणि तीन पुरुष उभे होते. सगळ्यांच्या हातांत विळे. कापणी चालू होती, विळे असणारच, हे मला आता सुचतं. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"कसलं माप घेता?" त्यांतल्या म्हाताऱ्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मी ताऱ्यांचं सांगायला लागले. भर सकाळी बांधावर उभं राहून ताऱ्यांचं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आमची निम्मी जमीन पान्याखाली गेली," म्हातारा म्हणाला. "तवा पन असंच तीन पायांचं यंत्र आलं व्हतं. मानूस पन तुमच्यासारखाच, गोड बोलनारा. पानी मुंबईला गेलं, आमी हितं सरकलो. आता अजून कुटं सरकायचं?"

एका बाईने तिपाई उचलली आणि शांतपणे खांद्यावर टाकली. ती फेकून देत नव्हती, नुसती धरून उभी राहिली. कुणी मला बोटही लावलं नाही, पण मी बांधावरच बसले. मधुकरची मावशी त्या वाडीत दिली होती, म्हणून सुटले. तो तासभर बोलत होता. कुणाचा कोण, कोणाचं लग्न कुठे, अशी नाती काढत काढत तिपाई हळूहळू खाली आली. शेवटी त्याच बाईने आम्हाला घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि उडदाचं घुटं वाढलं. पुण्यात आम्ही आमटीत गूळ घालतो. इथे नुसता लसूण आणि मिरची, आणि उडीद जात्यावर भरडलेला. भुकेने म्हणा की सुटकेने म्हणा, मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पण तिथे पुन्हा तिपाई लावायची माझी छाती नव्हती. पहिली दरी मी न मोजताच सोडली आणि वहीत लिहिलं, 'स्थानिक अडचण'.

किन्हवली, सरळगाव

दुसऱ्या दिवशी शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे निघालो. रस्त्याकडेला भाताच्या उडव्या रचलेल्या, खळी सारवून तयार. सरळगावच्या नाक्यावर वडापाव खाताना मधुकरने विषय काढला.

"मॅडम, एक सांगू का? तुमी तारे-बिरे काय बोलूच नका. मीच सांगन."

"काय सांगशील?"

"टावरवाल्या मॅडम हायत. मोबाइलची रेंज मोजायला आल्या. कोन आडवनार नाय. उलट जेवू घालतील."

मी म्हणायला हवं होतं, हे खोटं आहे. तसं पाहिलं तर अर्धंच खोटं होतं, कारण मी रेंजच मोजत होते. फक्त टॉवर यावा म्हणून नव्हे, येऊ नये म्हणून. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. त्याच्या शेजारीच ते विळेही होते. मी वडापाव खाल्ला आणि काही बोलले नाही. या प्रवासात माझ्या हातून जे वाईट झालं ते सगळं त्या न बोलण्यातून झालं.

दुसऱ्या दरीवरून विजेच्या मोठ्या तारा गेल्या होत्या. यंत्र लावताच पडद्यावर नुसतं गवत उगवल्यासारख्या रेघा. तासाभरात ती दरी बाद केली. आता एकच उरली.

टोकावड्याच्या पुढे

वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. टोकावड्यावरून आत वळायचं, डांबर संपल्यावर ओढ्याच्या पात्रातून जीप हेलकावत वर न्यायची. मी दोन्ही हातांनी दांडी धरून डोळे मिटून बसले होते. उघडले तेव्हा समोर सह्याद्रीचा कडा थेट आकाशापर्यंत उभा होता आणि त्याच्या पायाशी अकरा घरं. कुडाच्या भिंती, अंगणात नाचणीची कणसं वाळत घातलेली.

यंत्र चालू केलं आणि मी पडद्याकडे बघत राहिले. रेघ सपाट होती. वीस वर्षांत एवढी सपाट रेघ मी पाहिली नव्हती. कड्याने पुण्याकडचा गोंगाट अडवला होता, डोंगराच्या सोंडेने कल्याणकडचा. मधेच एखादी रेघ उसळायची, तेवढीच. मला आनंद झाला. आनंदाने सुद्धा माझ्या घशाला कोरड पडते.

मधुकरने तोवर आपलं काम केलं होतं. "टावरवाल्या मॅडम" म्हटल्याबरोबर अकराच्या अकरा घरं अंगणात आली. खांब उभा करायला चौघे धावले. मला कोरा चहा, रानातून खणून आणलेले उकडलेले करांदे, वर खुरासणीची चटणी. करांदे कडवट लागतात. माझं तोंड बघून बाया खुसखुसल्या.

राहायची सोय जनाताईंकडे झाली. जनाताई वाडीच्या आशा कार्यकर्त्या, चाळिशीच्या, सडपातळ, पायात पुरुषी चप्पल. कोण पोटुशी, कोणाच्या मुलाला कोणता डोस, सगळं त्यांच्या वहीत आणि वहीपेक्षा जास्त डोक्यात. वाडीत रेंज नाही. फोन करायचा तर मागच्या सोंडेवर अर्धा तास चढून एका मोठ्या धोंड्यावर उभं राहायचं आणि फोन डोक्याच्या वर धरायचा. नंबर लावून, स्पीकर चालू करून, वर तोंड करून ओरडायचं. जनाताई हे आठवड्यातून चार वेळा करायच्या.

"पावसाळ्यात धोंडा निसरतो," त्या म्हणाल्या. "मागल्या साली मी पडली, त्याचं काय नाय. पन एकीचं लेकरू गेलं. फोन लागला तवा तास झालेला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता तुमी आलात. आता टावर येल."

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि चावत राहिले.

त्यांच्या वहीत तेव्हा एकच नाव तातडीचं होतं. सविता, दत्तूची बायको, दुसरं बाळंतपण, आठवा संपून नववा लागलेला. पाय सुजले होते. पुढच्या सोमवारी तिला मुरबाडला नेऊन ठेवायचं ठरलं होतं. मी तिला पाहिलं. विशीची, गोरटेली, अंगणात बसून तांदूळ पाखडत होती. मला विचारलं, "टावर लागला की व्हिडिओ कॉल व्हतो ना? माझी आई वाड्याला हाय." मी म्हटलं, होतो.

तीन तास

चौथ्या दिवशी मुख्य मोजमाप होतं. अकरा ते दोन आमची जोडी त्या दरीच्या नेमकी डोक्यावर असते. रेडिओला दिवस-रात्र सारखीच, म्हणून आमचे तारे दुपारीही मोजता येतात. त्याच वेळात दरी मुळात किती शांत आहे ते बघायचं होतं, म्हणून त्या तीन तासांत पूर्ण शांतता हवी होती. ज्या रेघा मधेच उसळत होत्या त्या वाडीतल्याच सात मोबाइलच्या होत्या. लोकांना वाटतं रेंज नसली की फोन गप्प बसतो. उलट असतं. जवळ टॉवर सापडला नाही की तो जास्त जोर लावून हाका मारत राहतो.

मी जनाताईंना म्हटलं, तीन तास सगळे फोन बंद ठेवता येतील का? आणि नुसते बंद नकोत, लोखंडाच्या पेटीत असले तर उत्तम.

"टावरसाठी ना? मंग काय!" त्या घरोघर गेल्या. सातही फोन बंद करून त्यांनी पिठाच्या स्टीलच्या डब्यात घातले, झाकण गच्च दाबलं आणि वर लुगड्याची घडी ठेवली. यंत्राची एक बॅटरी उतरली होती म्हणून मी मधुकरला ती चार्ज करायला टोकावड्याला पाठवलं. जीपच्या इंजिनचाही त्रास नको होता. "तीनच्या आधी येऊ नकोस," मी बजावलं. तो गेला. माझा फोन आधीच बंद होता; आता त्या दरीत ना चालू फोन होता, ना गाडी. मी खांबापाशी बसले, आणि रेघ सपाट झाली.

बाराच्या सुमाराला दत्तू धावत आला. खळ्यावरून आला असावा, अंगभर भाताचा कोंडा. "मॅडम, फोन लावा. सविताला रगत जातंय. लई जातंय. लावा लवकर!"

"कुठून लावू?"

"ह्याच्यावरून!" त्याने खांब दोन्ही हातांनी धरला होता. "टावर हाय ना ह्यो! लावा!"

"दत्तू, ह्याच्यावरून फोन लागत नाही. हा फक्त ऐकतो. बोलत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची मला आजही भीती वाटते. त्यात राग नव्हता. माझं बोलणं त्याला समजत नव्हतं, इतकंच. "मंग बोलतो कवा?" त्याने विचारलं.

"कधीच नाही," मी म्हणाले.

तो उलटा फिरून पळाला, त्याच्यामागे मी. वाटेत दोनदा पडले. जनाताईंच्या घरात त्या डब्याचं झाकण निघत नव्हतं. गच्च दाबलेलं, घामेजले हात, नखं घसरत होती. कुणीतरी डबा उंबऱ्यावर आपटला. झाकण उडालं आणि फोन पिठात माखून जमिनीवर पसरले. जनाताईंनी आपला उचलला. "वर जाऊनच चालू करते, बॅटरी थोडीच हाय," म्हणाल्या आणि सोंडेकडे धावल्या. मी आयुष्यात कुणाला डोंगर असा चढताना पाहिलेलं नाही.

इकडे बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. सविता पांढरीफटक पडली होती. तिची सासू, सोनीबाई, छाती बडवत ओरडत होती. सगळी वाडी ओरडत होती, खालच्या शेतांतल्या माणसांना हाका घालत होती, कारण झोळीला आळीपाळीने आठ खांदे लागतात. कड्यावरून ते आवाज परत येत होते. मी झोळीच्या कडेने चालले होते, सविताचा हात धरून. वाटेत ती एकदाच बोलली. "मॅडम, लागला का फोन?" मी म्हटलं, लागला. ते मला ठाऊक नव्हतं. तिचा हात गार होता. मला वाटलं, ही आता जाणार, आणि त्या डब्यामुळे जाणार. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. सापाची, गुरांची, विळ्यांची भीती स्वतःसाठी असते, तिच्यापासून पळता येतं; ही सवितासाठी होती.

ओढ्याच्या खालच्या वळणावर जीपचा आवाज आला. जनाताईंनी धोंड्यावरून आधी अँब्युलन्सला आणि मग मधुकरला फोन लावला होता. तो टोकावड्यातच होता, म्हणून आधी पोचला.

मुरबाड

दवाखान्यात लगेच आत घेतलं. बाहेर बाकावर मी, मधुकर आणि दत्तू. सव्वादोन झाले, अडीच झाले. मधुकरने चहा आणला, कुणी प्यायला नाही. चारला एक नर्स बाहेर येऊन म्हणाली, मुलगी झाली, फार लहान आहे, काचेत ठेवली आहे, आई वाचेल असं दिसतं. "दिसतं" हा शब्द मी पुढे दोन दिवस घोळवत होते.

दत्तू बराच वेळ भिंतीला टेकून उभा होता. मग माझ्याजवळ येऊन बसला. "मॅडम, आता टावर लवकर येल ना? तुमी सवताच बगितलं."

मी गार झालेल्या चहाचा पेला त्याच्या हातात दिला. मधुकर उठून बाहेर निघून गेला.

अकरा घरं

दुसऱ्या दिवशी यंत्र आणायला परत जाणं भागच होतं. मधुकर म्हणाला, "मी एकटाच जाऊन सामान घेऊन येऊ का?" तो माझ्यासारखाच घाबरला होता, खोटं त्याचंही होतं. क्षणभर मला हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं.

जनाताई अंगणात डबा घासत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. टॉवरचं काम माझं नाही. माझं यंत्र आकाश ऐकतं. आणि आम्हाला शांत जागा लागते, म्हणून आमची अँटेना इथे आली तर टॉवर येणार तर नाहीच, येऊही देणार नाहीत. सांगून झाल्यावर मी ओरडा खायला थांबले.

त्यांचा हात थांबला. डबा त्यांनी पालथा घातला, पदराला हात पुसले आणि पिठातून वेचून ठेवलेल्या फोनांची पिशवी माझ्या हातात दिली.

"हे फोन तुमी मागितले," त्या म्हणाल्या. "तुमीच दारोदार जाऊन द्या. आनी काय ते तुमीच सांगा. मी नाय सांगनार. मी टावर येल म्हनून सांगून बसली."

सात फोन होते, पण त्यांनी मला अकराही घरी नेलं. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनाही टॉवर हवाच होता, म्हणाल्या. प्रत्येक दारात तेच वाक्य बोलायचं, आणि प्रत्येक दारात ते आधीपेक्षा जड. एक माणूस हसला, त्याला वाटलं मी थट्टा करते. एकाने फोन घेतला आणि दार लावून घेतलं. एक बाई म्हणाली, "आमी तुमचा खांब उचलला गो," आणि आत निघून गेली. ज्या पोराने बॅटरी डोक्यावर वाहिली होती त्याचा बाप पचकन थुंकला. माझ्यावर नाही, बाजूला. मधुकर मान खाली घालून मागे उभा होता, प्रत्येक दारात.

सातव्या घरानंतर जनाताई वाटेत थांबल्या. "कागदावर आमच्या वाडीत रेंज हाय, मॅडम. तीन अर्ज केले. दर बारीला ह्येच उत्तर, तुमच्याकडं रेंज हाय. तुमचं यंत्र काय बोलतं?"

"काहीच नाही इथे," मी म्हणाले. "तीन दिवसांचं माप आहे माझ्याकडे. तास न् तास."

"मंग त्यो कागद आमाला द्या. सही करून."

पुण्याला परतल्यावर काय झालं ते इथेच सांगते, म्हणजे शेवटच्या घरावर येता येईल. तो कागद मी दिला, माझ्या सहीचा. अहवालात ही दरी आमच्यासाठी नको, इथे आधी टॉवर हवा, असं लिहिलं. सर भडकले. एवढी शांत जागा देशात मिळणार नाही, म्हणाले, आणि ते खरंच आहे. समितीची बैठक व्हायची आहे. नोकरी राहील ना, या विचाराने मला रोज पहाटे जाग येते. जनाताईंचा अर्जही अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. सविता घरी आली. मुलगी अशक्त आहे, पण दूध पिते, असं मधुकर सांगतो.

शेवटचं घर दत्तूचं होतं. सोनीबाई उंबऱ्यावर एकटीच बसली होती, सून अजून दवाखान्यात. मी सगळं पुन्हा सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दुपारी आमी एवढं वरडलो. तुमच्या यंत्रात आलं का?"

"नाही, आजी. माणसाचा आवाज त्यात येत नाही."

"कायच नाय आलं?"

मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर धरला. अकरापासूनची सपाट रेघ, आणि साडेबाराच्या जरा पुढे एकच उभी, बारीक काडी. जनाताईंनी धोंड्यावर फोन चालू केला तेव्हाची. त्या तीन तासांत तेवढंच. मी तिला ते सांगितलं.

तिने वाकून पाहिलं. मग पडद्यावर त्या काडीला बोट लावलं. "ही सविताची?"

"हो."

"अशा रेघा आल्या तर तुमी काय करता?"

तारा मोजण्याआधी माणसांच्या रेघा आम्ही छाटून टाकतो. तो आमच्या कामाचा पहिला नियम आहे, वीस वर्षांत मी अशा अगणित रेघा छाटल्या असतील. "पुसतो," मी म्हणाले.

सोनीबाईने बोट उचललं नाही. "ही नका पुसू," ती म्हणाली.

"नाही पुसत," मी म्हणाले, आणि ती बोट काढेपर्यंत लॅपटॉप तसाच धरून उभी राहिले.